जागा दाखवणाऱ्यानं उतरायचं

गुलबर्गा
९ फेब्रुवारी १९८४

राजूबाई वहिनींना नागनाथचा जयभीम.

सतरा वर्षांतलं हे माझं तिसरं पत्र. आधीच्या दोन पत्रांना उत्तर आलं नाही, त्याबद्दल तक्रार नाही. हे पत्रही तुम्ही कुणाकडून तरी वाचून घ्याल, म्हणून वाचणाऱ्यासाठी दोन ओळी. बाबा, मी या बाईंच्या नवऱ्याचा, कालकथित बळीरामचा, धाकटा भाऊ. जमिनीखालचं पाणी शोधून देणं हा माझा व्यवसाय. पत्र सावकाश वाच आणि वाचून झालं की विसरून जा.

वहिनी, मी प्रॅक्टिस बंद करतोय. घरात फोन आणि दारात जीप आणून देणारी, उत्तम चाललेली प्रॅक्टिस. साखर कारखाने बोलावतात, आळंदचे तुरीचे व्यापारी गाडी पाठवून नेतात. मी रानात चार खुंट्या ठोकतो, त्यांना तारा जोडतो, पेटीवरचा काटा बघतो आणि सांगतो, इथं, एवढ्या फुटांवर. मग माझा चहा होतो आणि मी निघतो. खणणारे मागाहून येतात. नागनाथ साहेबांची खुंटी कोरडी जात नाही, असा बोलबाला आहे. इंदिरा म्हणते, चालतं दुकान मोडून टपरी टाकणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला. माझ्या बायकोचं म्हणणं सहसा बरोबर असतं, हीच तिची अडचण आहे.

टपरी म्हणजे हुमनाबादच्या औद्योगिक वसाहतीतली एक पत्र्याची शेड. ट्रकवर बसवलेलं बोअरचं मशीन पुढच्या महिन्यात येईल. ते चालवायला लिंगराज नावाचा तिथलाच अनुभवी माणूस मिळालाय. प्रत्येक गावाला आज बोअर हवा आहे. नुसतं बोट दाखवून पोट भरण्यापेक्षा आपणच खणावं, असा साधा व्यवहाराचा विचार केला. शिवाय बोअरमध्ये मशीन उतरतं, माणूस उतरत नाही. हा फायदा मला फार मोठा वाटतो.

तुमच्याकडे दोन गोष्टी मागायच्या आहेत. गाडीवर अण्णाचं नाव घालायचं आहे, ‘बळीराम बोअरवेल्स’. आणि पहिला बोअर आपल्या गावी, कोहिनूरला, आपल्या रानात, तुमच्यासाठी मारायचा आहे. त्याआधी कुठेही मशीन लावणार नाही, असं मी लिंगराजला सांगून ठेवलंय.

सदुसष्ट साली झाला तो अपघात होता. अण्णाचं बोलावण्याचं कार्ड मला मिळालं होतं. रजा मिळाली नाही. एवढंच त्यात होतं, आणि हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

तुमचा दीर,
नागनाथ


गुलबर्गा
२ मार्च १९८४

वहिनींना जयभीम.

उत्तर नाही. मशीन मात्र वेळेच्या आधीच आलं. पिवळं धमक आहे. हुमनाबादला चौकात उभं केलं तर ढाब्यावरचे लॉरीवाले जेवण सोडून बघायला आले. दारावरची नावाची पट्टी कोरी आहे. पेंटर दोनदा येऊन गेला.

तुम्ही रागावल्या आहात ते त्या रिवाजापायी, हे मला ठाऊक आहे. वाचणाऱ्या बाबा, तुला कळावं म्हणून सांगतो. आमच्या भागातल्या विहीर खणणाऱ्यांचा एक रिवाज होता. ज्यानं पाण्याची जागा दाखवली, त्यानंच सगळ्यांत आधी विहिरीत उतरायचं. काम मध्ये थांबलं, चार दिवस खाडा पडला, तर पुन्हा सुरू करतानाही आधी त्यानंच उतरायचं. तो सुखरूप वर आला की मग बाकीचे.

आमच्या विहिरीची जागा मी दाखवली होती. नवी डिग्री होती. सगळी वस्ती बघायला आली होती, कारण ती नुसत्या रानाची विहीर नव्हती. गावच्या विहिरीवर आमच्या बायकांनी खाली घागरी मांडून बसायचं आणि वरून कुणाला दया आली तर त्यानं ओतायचं, हे आमच्या वडिलांनी, नरसिंगबाबांनी, जन्मभर पाहिलं होतं. बाबांनी धम्म घेतला, पण पाणी काही मिळालं नाही. म्हणून ही विहीर. खणणाऱ्यांचा मुकादम सिद्धप्पा मला म्हणाला, आत बांधून घ्यावं लागंल का साहेब? मी म्हणालो, आपल्या तांबड्या दगडाला बांधकाम लागत नाही, हवा लागली की तो आणखी घट्ट होतो. हे खरंच आहे. पुस्तकातही आहे आणि बीदरच्या जुन्या विहिरींतही आहे.

विहीर पाच परसांवर, म्हणजे तीसेक फुटांवर, गेली आणि जयंतीसाठी पाच दिवस काम थांबलं. पुन्हा सुरू करायच्या वेळी सिद्धप्पा अडून बसला, साहेब उतरल्याशिवाय माझी माणसं उतरणार नाहीत. अण्णानं मला कार्ड टाकलं. मी उत्तर पाठवलं, ही अंधश्रद्धा आहे, बाबासाहेबांनी हेच सोडायला सांगितलं, माझी वाट न बघता काम सुरू करा. त्यात माझं काय चुकलं? आजही एखादा नारळ फोडल्याशिवाय मला खुंटी ठोकू देत नाही तेव्हा मी हेच सांगतो. अण्णा माझ्या जागी उतरला आणि विहिरीची भिंत त्याच्या अंगावर आली. भिंतीला रिवाज कळत नाही.

सिद्धप्पा गेल्या वर्षी आळंदच्या बाजारात भेटला. फार म्हातारा झालाय. त्यानं मला त्या दिवसाबद्दल एक गोष्ट सांगितली. ती इथं लिहीत नाही, दुसऱ्याच्या तोंडून तुमच्या कानावर जायला नको.

तब्येत ठीक आहे. मध्ये कान तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, दोष नाही.

नागनाथ


हुमनाबाद
२२ मार्च १९८४

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. पाकिटावरचं अक्षर बघून मला वाटलं, कुठल्या शाळेतून आलंय. आत तुमच्याच हातचं होतं. इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालं, तरी इथं उतरवून घेतो, म्हणजे मी ते टाळलं असं मला म्हणता येणार नाही:

“नागू, पत्र पोचलं. वाचून घ्यायला मी कुणाच्या दारात जात न्हाई. पाच वर्सं झाली, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात बसून शिकले. पयलं तुझं तवाचं कार्डच वाचलं. बोअर मारतो म्हणतोस तर मार. पर आदी जुन्या हिरीत उतर. जागा दाखवणाऱ्यानं उतरायचं ऱ्हायलंय. ते झाल्याबिगर ह्या रानात मशीन यायचं न्हाई आन त्यांचं नावबी गाडीवर यायचं न्हाई. जयंती झाली की ये. राजूबाई.”

नागू म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि तुमच्या हातची भाकरी चुलीपाशीच बसून खायचो. तुम्ही मला ‘तू’ म्हटलंत यावरच मी अर्धा दिवस काढला.

वाचणारा कुणी नाही म्हटल्यावर माझी मोठी सोय गेली. दुसऱ्याच्या तोंडून जाणार म्हणून मी जपून लिहितो, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मला खोटं लिहायला आडोसा हवा होता.

तर आता खरं. मी व्यवहार म्हणून प्रॅक्टिस सोडत नाही. मला खुंटी ठोकता येत नाही म्हणून सोडतोय. एक वर्ष झालं. तीन खुंट्या ठोकतो, चौथीवर हातोडा मारला की जमिनीखालून कुणीतरी उलट ठोकतं. पहिल्यांदा वाटलं, जवळ कुठे दगडाची खाण असेल. मग माळावर, जिथं चार कोसांत खाण नाही, तिथंही आलं. मी हातोडा मदतनिसाकडे देतो आणि काटा बघत बसल्याचं सोंग करतो. लोकांना वाटतं, साहेब मोठे झाले, आता हात मळवत नाहीत.

हे सुरू झालं सिद्धप्पा भेटला त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यानं जे सांगितलं ते तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही तिथे होतात. भिंत आल्यावर वरच्या सगळ्यांना खालून पहारीचे ठोके ऐकू येत होते, तो म्हणाला. बराच वेळ. मग थांबले. मला हे सोळा वर्षं कुणीही सांगितलं नव्हतं. मी तिसऱ्या दिवशी पोहोचलो तेव्हा सगळे गप्प होते आणि त्या गप्प बसण्याला मी शोक समजलो.

आणखी एक. अण्णाच्या कार्डात नुसतं रिवाजाचं नव्हतं. खाली एक ओळ होती: “पांढऱ्या मातीत चीर दिसायलीय, येऊन बघून जा.” ती ओळ मी कुणालाही, इंदिरालाही, कधी सांगितलेली नाही.

उतरायचं मात्र मला जमणार नाही, वहिनी. माझं वय एक्केचाळीस, गुडघा दुखतो, आणि ती विहीर सतरा पावसाळे झेललेली आहे. हवं तर लिंगराजला उतरवतो. हवं तर ती विहीर बुजवून वर दगड उभा करतो. तुम्ही दुसरं काहीही सांगा.

नागनाथ


हुमनाबाद
९ एप्रिल १९८४

वहिनी,

तुमचं एका ओळीचं कार्ड आलं. “लिंगराजनं जागा दाखवली न्हवती.” बरोबर आहे. मागच्या पत्रात गुडघ्याचं लिहिलं त्याची मला लाज वाटते.

हे पत्र मी हुमनाबादच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात बसून लिहितोय. शेडमध्ये बसून लिहिता आलं असतं, पण हे इथंच लिहायला पाहिजे. रजा मिळाली नव्हती असं मी म्हटलं ते खोटं आहे. रजा मिळाली होती. अण्णाचं कार्ड आल्यावर मी सकाळच्या गाडीनं गुलबर्ग्याहून निघालो आणि इथं उतरलो. कोहिनूरकडे जाणारी कल्याणची गाडी समोर उभी होती. म्हटलं, चहा घेऊन पुढच्या गाडीनं जाऊ. पुढची आली तेव्हा म्हटलं, ऊन उतरू दे. तिसरी आली तेव्हा कंडक्टरनं मला हाक मारली, कारण सकाळपासून मी त्याच्या गाडीकडे बघत होतो. मी मान हलवून नको म्हटलं. संध्याकाळी परत गेलो आणि ते कार्ड लिहिलं. बाबासाहेबांचं नाव घेऊन लिहिलं. माझ्या भित्रेपणावर मी त्यांचं नाव घातलं, याची टोचणी मला बाकी सगळ्याइतकीच आहे.

कामून आला न्हाईस, असं तुम्ही विचाराल. चीर कुठे असणार हे मला कार्ड वाचताच कळलं होतं. तांबड्या दगडाखाली पांढऱ्या चिकणमातीचा थर लागतो. पाणी त्याच्यावर अडतं, म्हणून तर ती जागा. पण ती माती ओली झाली की फुगते आणि वरचा दगड घेऊन सरकते. तिथं बांधकाम लागतं. हे मी जयंतीच्या आधी एकदा वरून डोकावलो तेव्हाच पाहिलं होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण सिद्धप्पाला आणि अख्ख्या वस्तीला मी ऐटीत सांगून बसलो होतो की बांधकाम लागत नाही. आपल्यातला पहिला शिकलेला मुलगा, आणि त्याची पहिलीच जागा. लोकांनी माझ्या खुंटीला हार घातला होता. त्यांच्यासमोर चुकलो म्हणायचं माझ्या तोंडात येईना.

आणि दुसरं कारण त्याहून साधं आहे. गेलो असतो तर मला उतरावं लागलं असतं. मला मरायची भीती वाटली.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. मी तर पाषाणातच डिग्री घेतलेला माणूस. सतरा वर्षं लोकांना सांगत आलो, इथं खणा, आणि निघून आलो. मशीन घेण्याचं सगळं गणित या हॉटेलातून सुरू होतं. वाटलं होतं, मशीन उतरेल, मग कुणाला उतरायला नको, आणि मलाही नको.

जयंती झाली की पाचव्या दिवशी येतो. लिंगराज दोर आणि शिडी घेऊन सोबत असेल. मशीन आणणार नाही. पेंटरला सध्या येऊ नको म्हणून सांगितलं आहे.

नागू


हुमनाबाद
२१ एप्रिल १९८४

वहिनी,

परवा तुमच्यासमोर मला चार शब्द धड बोलता आले नाहीत. म्हणून हे पत्र.

विहिरीवरच्या काट्या तुम्ही आधीच काढून ठेवल्या होत्या. वस्तीतली माणसं लांब, बांधावर उभी होती. कुणी जवळ आलं नाही, कुणी हसलंही नाही. लिंगराजनं माझ्या कमरेला दोर बांधला आणि त्याचं दुसरं टोक तुम्ही त्याच्या हातातून काढून घेतलंत. तो म्हणाला, अव्वा, तुमच्यानं झेपायचं नाही. तुम्ही त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेवटी त्यानं तुमच्या मागे उभं राहून दोर धरला.

मी खाली काय पाहिलं ते आता लिहितो. वरचे तीन परस तांबडा दगड अजून तसाच खडखडीत आहे, पहारीच्या खुणा काल मारल्यासारख्या. पारवे उडाले. चौथ्या परसावर पांढरा थर लागला. पूर्वेची बाजू गेलेली, अर्धी विहीर तिकडून ढासळलेली. मी बॅटरी पश्चिमेकडे फिरवली. तिथं पांढऱ्या थराला बाभळीचे टेकू लावले होते. एक, दोन, तीन. खालून पाचर मारून घट्ट बसवलेले. पाय शिडीवरच थांबले. सिद्धप्पाच्या माणसांनी हे लावले नसणार, त्यांचं काम तर बंद होतं. म्हणजे अण्णा जयंतीच्या सुट्टीत एकटा उतरला होता. चीर त्याला कळली होती, चिरीला काय लागतं हेही कळलं होतं, आणि एका बाजूचे टेकू लावून झाल्यावर त्यानं मला कार्ड टाकलं होतं. माझ्यासारखी डिग्री नसताना त्यानं जे ओळखलं त्यात काडीची चूक नव्हती. तळाशी उन्हाळ्यातही चिखल होता, माझा बूट रुतला. पाणी होतं.

वर आलो. तुम्ही विचारलंत, काय दिसलं. मी म्हणालो, काही नाही, नुसता गाळ. वाटलं, त्याला ठाऊक असूनही तो उतरला, हे तुम्हाला कळायला नको. सतरा वर्षांनी पुन्हा एक खोटं, आणि तेही तुमच्या भल्यासाठी. माझी सवय जात नाही.

तेव्हा तुम्ही दोर गुंडाळत म्हणालात, “टेकू हैत का अजून? तीन हुते.”

मी चिखलानं भरलेल्या बुटाकडे बघितलं.

“मीच डोक्यावर वाहून नेलते,” तुम्ही म्हणालात. “चीर मलाबी दिसली हुती. मी म्हणलं, उतरू नका. ते म्हणाले, मी न्हाई उतरलो तर वस्ती म्हणंल, साहेबाची जागा चुकली. पोरगं आताच उभं ऱ्हायलंय. मग मीबी गप बसले आन दोर धरला. ह्याच हातानं.”

मी खाली बसलो. तुम्ही माझ्याजवळ आलात आणि अगदी हळू बोललात. बांधावरच्यांना ते ऐकू गेलं नसेल.

“तुला इतकी वर्सं कामून बोलावलं न्हाई म्हायत हाय? तुझं तोंड बघितलं की मला माझा हात दिसायचा.”

वहिनी, मी सतरा वर्षं असं धरून चाललो होतो की तुम्ही तिकडे माझा राग करत बसला आहात. त्या रागाच्या आधारानं मी जगत होतो. तुम्हीही माझ्यासारख्याच एकट्या बसून तोच दोष उराशी धरून होतात, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. तुमचा दोष नाही, हे मी तिथं म्हणायला हवं होतं. आता म्हणतो. दोर धरणाऱ्याचा दोष नसतो. ज्याच्यासाठी तो उतरला, त्याचा असतो. तो इथं हॉटेलात चहा पीत होता.

मग तुम्ही उठून वरच्या बांधाकडे चालू लागलात, बोरीच्या झाडापाशी थांबलात आणि म्हणालात, हितं मार खुंटी. ती जागा उंचावर आहे, खाली कडक काळा दगड आहे, तिथं पाणी लागेलच असं कुठलाही शहाणा सांगणार नाही. मी ते बोलणारच होतो. तुम्ही म्हणालात, कोरडं गेलं तर सगळ्या वस्तीसमोर सांग, जागा चुकली म्हणून. एवढं एक वाक्य तुझ्या तोंडून ऐकायचं हाय. आणि जीपमधून खुंटी आणि हातोडा मला आणायला लावलात. मदतनीस नव्हता. खुंटी तुम्ही दोन्ही हातांनी धरलीत. हातोडा चुकला असता तर तुमची बोटं गेली असती. तुम्ही खुंटी सोडली नाहीत.

मी हातोडा मारला.

आता जे विचारायचं त्यासाठीच हे सगळं लिहिलं. खालून ठोके येतात हे मी तुम्हाला कळवलं होतं, पण कसे येतात ते लिहिलं नव्हतं. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. दोन येतात लागोपाठ. मग वाटतं, संपलं. मग बऱ्याच वेळानं तिसरा येतो. परवाही तसेच आले. पहिल्या दोनांनंतर लिंगराज शिडी उचलायला गेला, बांधावरची माणसं पांगायला लागली, त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. तुम्ही मात्र खुंटी धरून तशाच वाकून थांबलात. तिसरा आला, आणि त्यानंतर तुम्ही हात काढलात.

घरी जाताना मला विचारायचं धाडस झालं नाही. आता विचारतो. तुम्हाला तिसरा ऐकू आला का? त्या दिवशी ते तसेच होते का?

मशीन शेडच्या दारात उभं आहे. पट्टी कोरी आहे. ऐकू आला नसेल तर खुंटी उपटून टाका, मी मशीन विकून टाकीन आणि पुन्हा कुणाच्या रानात पाय ठेवणार नाही. आला असेल तर दोन ओळी लिहा, मी मशीन घेऊन येतो. फक्त ते सुरू होताना तुम्ही माझ्याशेजारी उभ्या राहा.

तुमचा,
नागू